काडीचा आधार

‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण आपल्याकडे थोड्या थट्टेनेच वापरली जाते. ज्या आधारात काही राम नाही, तो काडीचा आधार, असा तिचा भाव. पस्तीस वर्षे मुलांस मराठी व संस्कृत शिकवताना मीही ती याच अर्थाने समजावून दिली. परंतु आमच्या राहत्या घराच्या एका भिंतीने उतारवयात मला जो धडा दिला, त्यामुळे या म्हणीकडे निराळ्या दृष्टीने पाहणे भाग पडले. तो धडा वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक सांगावी लागणार आहे. पण स्वतःची चूक झाकून शिकवलेला धडा मुलांसही पटत नाही, हा जन्मभराचा अनुभव असल्यामुळे ती आरंभीच सांगून मोकळा होतो.

पश्चिमेची भिंत

आमचे घर सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका खेड्यात आहे. पणजोबांनी बांधलेले. दगडी जोते, सागवानी खांब व तुळया, आणि मध्ये पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांच्या दीड हात रुंदीच्या भिंती. या कच्च्या विटांस आमच्याकडे भेंडे म्हणतात. तीन भावांची मिळून चौदा माणसे आज या घरात नांदतात. गौरी-गणपतीस पुण्यामुंबईची मंडळी आली म्हणजे पंगतीत पंचवीस पाने सहज होतात. माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीवर पावसाचा मारा फार. म्हणून तिला दर दोन-तीन वर्षांनी मातीचा गिलावा द्यावा लागे. चाळलेली माती, शेण आणि गव्हाचे काड एकत्र करून पायांनी मळावयाचे, आणि तो चिखल चार-सहा दिवस मुरत ठेवावयाचा, अशी पद्धत होती. त्या चिखलास आंबूस वास येई. शाळेत जाणाऱ्या आम्हां मुलांस त्या वासाची लाज वाटे, हे कबूल केले पाहिजे.

१९९८ साली घराची डागडुजी निघाली. मी तेव्हा ऐन उमेदीत होतो. दर दोन वर्षांनी हा चिखल कशाला, एकदाच सिमेंटचा गिलावा करून टाकू, असे मी ठरवले. वडिलांस आम्ही नाना म्हणत असू. ते एवढेच म्हणाले, “अरे, भिंतीलाही नाक असते.” आमचे जुने गवंडी तात्या यांनी तर हात जोडून सांगितले, “गुरुजी, मातीवर सिमिट बसंल, पर नांदणार न्हाई.” मी दोघांच्याही बोलण्यावर हसलो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वज्रलेपाचा अध्याय मी वाचलेला होता. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले इत्यादींचा काढा करून देवालयांस व भिंतींस द्यावयाच्या लेपाची कृती मला ठाऊक होती. सहाव्या शतकातील ज्योतिष्याचे म्हणणे मी आदराने वाचत होतो. अंगणात उभ्या असलेल्या गवंड्याचे मात्र मला ऐकू आले नाही.

सिमेंटचा गिलावा झाला. भिंत कशी करकरीत, घोटीव दिसू लागली. दोन पावसाळे निर्वेध गेले. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या अंगास फुगवटा दिसू लागला, आणि श्रावणातल्या एका मध्यरात्री मोठा आवाज होऊन चार हात लांबीचा गिलावा एकदम सुटून माजघरात कोसळला. ज्या जागी तो पडला, त्या जागी माझ्या धाकट्या भावाची सहा वर्षांची मुलगी मृणाल रोज निजत असे. त्या रात्री गोष्ट ऐकण्याच्या हट्टाने ती आजीच्या अंथरुणात जाऊन निजली होती. यापेक्षा अधिक लिहवत नाही.

कंदील घेऊन पाहिले, तो आतील भेंडे बोटाने खरवडता येतील इतके ओले झालेले. नाना मला एक शब्दही बोलले नाहीत. ते रागावले असते तर मला हलके वाटले असते.

पुढे त्या भिंतीस जुजबी ठिगळे लावण्यात वीस वर्षे गेली. नाना गेले, तात्या गेले. २०२१ साली घरात विचार निघाला, की पश्चिमेची बाजू पाडून तेथे सिमेंटचे खांब उभे करावे. बहुतेकांचे मत तसेच होते, आणि माझ्या मनातील शल्यामुळे मीही त्यास मान डोलावली. परंतु जिच्या अंथरुणावर ती भिंत पडली होती, तीच मृणाल आता बांधकामाचे शास्त्र शिकून पुण्यास नोकरी करीत होती. ती म्हणाली, “काका, पाडायची तर पाडू, पण ती का पडली ते तरी आधी पाहू या.” त्या एका प्रश्नापासून आमच्या घरातील अभ्यास सुरू झाला.

भिंतीचे नाक

दिव्याच्या वातीत जसे तेल चढते, तशी जमिनीतील ओल मातीच्या भिंतीत वर चढते. पावसाचे काही पाणी बाजूनेही आत शिरते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ही ओल उन्हाळ्यात त्यातून बाहेर निघून जाते. नाना ज्यास भिंतीचे नाक म्हणत, ते हेच. सिमेंटचा गिलावा पुष्कळसा घट्ट असतो. बारीक चिरांतून त्याच्या मागे पाणी जाते, पण बाहेर निघावयास त्यास वाट मिळत नाही. शिवाय ओलाव्याने माती फुगते व सुकल्यावर आकसते. सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही. दोघांचा सांधा सुटतो, आतील क्षार साचून थर फुगतो, आणि शेवटी सगळा पोपडा एकदम खाली येतो. आमच्या भिंतीस झालेला रोग हा असा होता. सिमेंटमध्ये खोट नव्हती आणि मातीतही नव्हती. खोट त्यांची सोयरीक जुळवणाऱ्याची होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तेव्हापासून या पदार्थाने जगावर मोठे उपकार केले आहेत. पूल, पाण्याच्या टाक्या, उंच इमारती ही कामे मातीची नव्हेत. तेव्हा सिमेंटची निंदा करण्याचा हा लेख नव्हे. ज्या भिंतीचा स्वभाव मऊ आहे, तिला मऊच अंगरखा हवा, एवढेच म्हणणे आहे.

काडी काय करते?

आता मूळ विषयाकडे येतो. मातीच्या गिलाव्यात काड कशासाठी घालतात? लहानपणी मला वाटे, माती कमी पडते म्हणून. वस्तुतः त्याचे कारण फार सुंदर आहे.

तळ्याचे पाणी आटले म्हणजे गाळास कशा भेगा पडतात, ते सर्वांनी पाहिले आहे. चिकण माती सुकताना आकसते. आकसताना तिच्या अंगात ताण उत्पन्न होतो. आणि माती, चुना, सिमेंट हे तिन्ही पदार्थ दाबास घट्ट असले तरी ताणास दुबळे असतात. म्हणून त्यांस चीर जाते. अशा मालात तंतू मिसळलेले असले, म्हणजे चीर पडू लागताच एखादा तंतू तिच्या दोन काठांस दोन हातांनी धरून ठेवतो. चीर रुंदावत नाही. एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या अनेक बारीक रेषा उमटतात, आणि त्यांपासून फारसा अपाय होत नाही. तंतू हा मालाचे बळ फारसे वाढवतो असे नाही. तो माल एकदम फुटू देत नाही. घरातील एखादे वडील माणूस स्वतः फारसे काम करीत नसले तरी भांडण विकोपास जाऊ देत नाही, त्यातलाच हा प्रकार.

याशिवाय काडामुळे गिलावा हलका होतो, सर्व भागांत सारखा सुकतो, आणि काही अंशी उष्णताही अडवतो. चिखल मुरत ठेवण्यातही अर्थ आहे. त्या चार-सहा दिवसांत काड नरम होऊन मातीस बिलगते व चिखल अधिक चिकट होतो. ज्या वासाची आम्हांस लाज वाटत होती, तो माल तयार होत असल्याचा वास होता.

वेरूळची व अजिंठ्याची साक्ष

“हे सारे ठीक आहे, पण काडी ती काडी, ती किती दिवस टिकणार?” असा प्रश्न आमच्या घरातही निघाला. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात दगडावर लिहिलेले आहे. अजिंठ्याची चित्रे आपण पाहिली असतील. ती उघड्या खडकावर काढलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा गिलावा दिलेला आहे, आणि त्या मातीत भाताचे तूस, गवत व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर पांढरा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर रंगकाम केलेले आहे. म्हणजे ज्या पद्मपाणीपुढे जगभरचे रसिक हात जोडून उभे राहतात, तो सुमारे दीड हजार वर्षे शेतातल्या तुसाच्या आधाराने उभा आहे.

वेरूळची गोष्ट याहून मनोरंजक आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतील एक संशोधक आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक यांनी वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि ताज्या वनस्पतीच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. त्यांना त्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या गिलाव्यातील सेंद्रिय भाग कीटकांनी ठिकठिकाणी खाल्ला आहे. वेरूळच्या भांगमिश्रित गिलाव्यात मात्र तसा उपद्रव दिसत नाही, आणि याचे श्रेय संशोधकांनी भांगेच्या तंतूंस दिले आहे. म्हणजे कोणती काडी निवडावी, यातही जुन्या कारागिरांचे काही ज्ञान होते.

संस्कृताच्या अभ्यासकास यात आश्चर्य वाटू नये. तीळ, उडीद, जवस व भांग ज्यांत पिकतात त्या शेतांस काय म्हणावे, याचा नियमच पाणिनीने घालून दिला आहे. ज्या शेतात भांग पिके ते ‘भांगीन’. अर्थात भांग हे त्या काळी जवसाच्या पंक्तीला बसणारे साधे पीक होते. आज १९८५ च्या कायद्यामुळे तिची लागवड परवान्यावाचून करता येत नाही, म्हणून कोणी उत्साहाच्या भरात ती परसात लावू नये. तिचे काम करणारे ताग व अंबाडी आपल्याकडे आहेतच. (वृत्तपत्रांत इंग्रजी ‘हेंप’ या शब्दासाठी कधी कधी ‘ताग’ लिहितात. तसे पाहता भांग निराळी व ताग निराळा.)

परदेशातही हा विचार नव्याने आला तो आमच्यासारखाच ठेच लागून. फ्रान्समध्ये लाकडी सांगाड्याची शेकडो वर्षांची जुनी घरे आहेत. त्यांच्या भिंती मूळच्या माती व गवताच्या. दुरुस्तीच्या वेळी त्यांत सिमेंट भरले, तेव्हा ओल कोंडून लाकडे कुजू लागली. मग १९८० नंतरच्या दशकात तेथील काही कारागिरांनी भांगेच्या खोडाचा गाभा बारीक तुकडे करून चुन्यात कालवून भिंतींत भरला. तंतू काढून घेतल्यावर हा गाभा उरतो. त्यातून पुढे तेथे या प्रकारचे बांधकाम रूढ झाले.

काडीचे सिमेंटशी वैर

आता मुख्य प्रश्न असा, की काड इतके गुणी आहे, तर ते सिमेंटच्या गाऱ्यात घातले म्हणजे झाले नाही काय? आमच्या घरातील तरुण मंडळींचेही मत तसेच पडले. मृणालने सांगितले त्याचा सारांश असा.

वनस्पतीचा तंतू मुख्यतः तीन पदार्थांचा बनलेला असतो. सेल्युलोज हा त्याचा बळकट दोर. हेमिसेल्युलोज व लिग्निन ही त्या दोरांस एकत्र चिकटवून ठेवणारी खळ. ओल्या सिमेंटच्या अंगी फार तीव्र क्षार असतो, आणि तो दीर्घकाळ टिकतो. या क्षाराने ही खळ हळूहळू विरघळते. शिवाय तंतूच्या पोकळीत चुना साचून तो ठिसूळ होतो. स्वीडनमधील ग्राम नावाच्या संशोधकाने घायपातीच्या तंतूंवर याविषयी केलेला अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. गाऱ्यात घातलेले तंतू पहिल्या दिवशी बळकट असतात, परंतु ऊन-पाऊस सोसता सोसता त्यांची शक्ती जाते आणि छपराचे पत्रे ठिसूळ होतात, हे त्यावरून कळून आले. तंतूचा दुसरा दोष असा, की तो पाणी पितो. ओला असता फुगतो व सुकला असता आकसतो. त्यामुळे त्याची व सभोवतालच्या मालाची पकड सैल होते.

चुनाही ओला असताना क्षारयुक्तच असतो. परंतु चुन्याचा एक मोठा गुण आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जातो. पाण्यात विरवलेला हा चुना भिंतीवर चढल्यावर हवेतील तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू मूळची चुनखडी बनतो, आणि त्याची तीव्रता ओसरते. माहेरची आठवण न विसरणाऱ्या मुलीसारखा तो आपल्या मूळ रूपाकडे परततो, म्हणा ना. मातीत तर तसला क्षार नसतोच. म्हणून माती व चुना यांत काडी दीर्घकाळ नांदते आणि सिमेंटमध्ये तिचा जीव घुसमटतो. तात्या गवंड्याने ‘नांदणे’ हाच शब्द वापरला होता. तो किती अचूक होता, हे समजावयास मला वीस वर्षे लागली.

सिमेंटमध्ये तंतू वापरता येतच नाहीत, असे मात्र नव्हे. तंतू गरम पाण्यात उकळून किंवा सौम्य क्षाराने धुऊन घेतले, आणि सिमेंटचा काही भाग कमी करून त्याऐवजी भाजलेल्या मातीची पूड, दगडी कोळशाची राख किंवा भाताच्या तुसाची राख घातली, तर क्षाराची तीव्रता कमी होते व तंतू पुष्कळ अधिक टिकतात. तुसाची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते, आणि तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा राख. या राखेत बहुतांश सिलिका असते. ती बेताच्या आचेवर जाळली तर चुन्याशी व सिमेंटशी चांगली मिळून येते. भडक आचेवर जाळली तर तिचा तो गुण जातो. नारळाच्या काथ्यात लिग्निन पुष्कळ असल्याने तोही इतर तंतूंपेक्षा चिवट. रुरकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काथ्या व सिमेंट यांच्या छपराच्या पत्र्यांवर काम केले आहे.

साखरेचा चमत्कार आम्ही प्रत्यक्ष पाहिला. आमचा मुलूख उसाचा. गुऱ्हाळावरून चिपाडे आणून, कुटून मी ती हौसेने सिमेंटच्या मालात कालवली. चौथ्या दिवशीही त्या वडीवर नखाने ओरखडा निघत होता! चिपाडात उरलेली साखर सिमेंटला घट्टच होऊ देत नाही. गंमत अशी, की जुने गवंडी चुन्यात मुद्दाम गूळ, बेलफळाचा गर व हिरड्याचे पाणी घालीत. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो, म्हणून त्यांचे ते करणे योग्यच होते. जे एकास औषध तेच दुसऱ्यास अपथ्य, हा वैद्यकातील नियम भिंतींसही लागू आहे.

टाकाऊ कशास म्हणावे?

आपल्या शेतांतून निघणाऱ्या तंतूंची यादी लहान नाही. उसाचे पाचट हेक्टरी सुमारे ८ ते १० टन निघते, आणि पुष्कळ ठिकाणी ते अजून पेटवून दिले जाते. जळगावकडे केळीचा घड उतरला की खांब निरुपयोगी होतो, कारण केळ एकदाच व्यते; त्या सोपटांतून उत्तम तंतू निघतो. कोकणात नारळाची सोडणे, वऱ्हाडात कपाशीच्या पऱ्हाट्या. मुंबईस माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संस्था १९२४ साली स्थापन झाली. पऱ्हाट्यांपासून दाबाचे तक्ते करण्याची रीत तिने तयार केली आहे.

परंतु ‘टाकाऊ’ हा शब्द जपून वापरावा. कडब्यावर पहिला हक्क जनावरांचा आहे. पाचट शेतातच कुजवले तर जमिनीचा कस वाढतो, म्हणून त्यावर पहिला हक्क जमिनीचा आहे. कारखान्यात उसाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के चोथा निघतो, पण तो तेथेच बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज करतात. म्हणून भिंतीसाठी घ्यावयाचे ते खरोखर उरलेले. सुदैवाने गिलाव्यास तंतू फार थोडा लागतो. एका घराचा गिलावा म्हणजे एखाद्या गाडीभर काडाचेही काम नव्हे. आणि घरातच पाहिले तर फाटके गोणपाट व अंबाडीच्या जुन्या दोरांचे तुकडे कोणत्या घरी नाहीत?

जगात दरवर्षी मनुष्याच्या व्यवहाराने जो कर्बवायू हवेत जातो, त्यातील सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या निर्मितीतून येतो. जेथे खरोखर गरज नाही, तेथे ते न वापरणे ही केवळ काटकसर नव्हे, पुढच्या पिढीचा विचारही आहे.

आमची कृती

ज्यांच्या घरी जुन्या मातीच्या भिंती आहेत, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून आम्ही केलेली कृती देतो.

प्रथम छिन्नीने सिमेंटचा सर्व गिलावा काढला व भिंत एक हिवाळा आणि उन्हाळा पूर्ण सुकू दिली. वळचणीची पन्हळ दुरुस्त केली, जोत्याजवळचे पाणी वाहून जाण्यास चर काढला, वाळवी आहे की काय ते पाहिले, विरघळलेले भेंडे बदलले. ओलीचे मूळ न काढता केलेला कोणताही गिलावा फुकट आहे.

मग आम्ही एक वीत लांबरुंद व अंगठ्याएवढ्या जाडीच्या सहा वड्या वेगवेगळ्या प्रमाणांत थापल्या व सावलीत सुकविल्या. काड नसलेली वडी मधोमध दुभंगली. घमेल्यास दोन मुठी, दोन बोटे लांबीचे चिरलेले काड घातलेली वडी अखंड राहिली. त्याहून पुष्कळ काड घातलेल्या वडीत गोळे होऊन ती भुसभुशीत झाली. प्रत्येक गावची माती निराळी. म्हणून आमचे प्रमाण उचलू नये, आमची परीक्षा मात्र जरूर करावी.

भिंतीवर आधी पाणी शिंपडून काडाच्या मातीचे दोन थर दिले. पहिला पुरता सुकल्यावर दुसरा. बाहेरच्या बाजूस वर चुन्याचा पातळ थर दिला : मुरवलेला चुना एक भाग व स्वच्छ चाळलेली वाळू तीन भाग, आणि त्यात गोणपाट उसवून, इंचभर कापून, हाताने पिंजलेले तंतू. तंतू काम सुरू करण्याच्या थोडे आधीच मिसळावे, म्हणजे ओल्या चुन्याच्या तीव्रतेत ते फार वेळ राहत नाहीत. थर अर्ध्या इंचाहून जाड नसावा. कडक उन्हात व भर पावसात हे काम करू नये. ओले गोणपाट टांगून काही दिवस थर दमट ठेवावा. कळीचा चुना विरवताना तो उसळतो व डोळ्यांस फार अपाय करतो. मुलांस तेथून दूर ठेवावे आणि कामकऱ्यांस हातमोजे व चष्मा द्यावा.

काम करावयास तात्यांचा नातू आला होता. तो शहरात सिमेंटचीच कामे करतो. मातीचा गिलावा त्याने आजोबांच्या हाताखाली लहानपणी एकदोनदा केलेला. पहिल्या दिवशी तो थोडा बिचकला. मग आमच्या ऐंशी वर्षांच्या काकू माजघरातून उठून आल्या, चिखल हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाल्या, “अजून दोन दिवस मुरू दे, बाळ. बोटांना सोडत नाही असा झाला पाहिजे.” मी पोथ्यांतून वज्रलेप शोधीत होतो, आणि ते ज्ञान माझ्याच घरात, सारवणाच्या पाटीपाशी बसलेले होते. ते कोणी लिहून ठेवले नाही, कारण ज्यांस लिहिता येत होते त्यांस ते ज्ञान वाटले नाही.

ही दुरुस्ती २०२२ च्या वसंतात पुरी झाली. त्यानंतर पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, मी खरोखरच काही रात्री जागा राहिलो. भिंतीस केसाएवढ्या दोन-चार रेषा पडल्या आहेत. त्यापलीकडे काही नाही. खालच्या बाजूस थोडी झीज झाली होती, ती दिवाळीपूर्वी दोन घमेली मातीने भरून निघाली. मातीच्या भिंतीची सेवा अधूनमधून करावी लागते, हे मी लपवीत नाही. पण ती अशक्त होते तेव्हा आधी सांगते. आत कुजून एका रात्री अंगावर येत नाही.

मागच्या दिवाळीत मृणाल आपल्या दोन वर्षांच्या मुलीस घेऊन आली होती. रात्री अंथरुणे घालताना तिने मुलीचे अंथरूण त्याच भिंतीशी घातले. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने उठून एकवार भिंतीवरून हात फिरवला, ती कोरडी होती, आणि जाऊन निजलो.